सामायिक विहिरीवरचं लिनक्स

सोलापूर-धुळे महामार्गाने बीडकडे जाताना येडशी मागे पडली की थोड्या वेळात तेरखेडा येतं. वाशी तालुक्यातलं हे गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं. पितृपंधरवडा लागला की इथे लगबग वाढते. ठोक गिऱ्हाइकांचे फोन, दरपत्रकं, बिलं, सगळं एकदमच अंगावर येतं. २०२५ च्या अशाच एका संध्याकाळी ओळखीच्या एका दुकानदाराचा फोन आला. "सर, बिलाचं उघडंना गेलंय. काल रात्री अपडेट मारलं तवापासून. दरपत्रक बी त्यातच हाय."

दुकानातल्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स होतं, २०.०४ आवृत्तीचं. त्या आवृत्तीची नेहमीची मोफत मुदत मे २०२५ मध्ये संपली. म्हणून दुकानातल्या मुलाने आधी २२.०४ आणि मग २४.०४ अशा दोन पायऱ्या चढून ते नवं केलं होतं. यात त्याचं काही चुकलं नव्हतं, मुदत संपलेली आवृत्ती चालवत राहणं जास्त धोक्याचं असतं. पण बिलाच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारली की गोल फिरायचं आणि नाहीसं व्हायचं. मी टर्मिनल उघडून तोच प्रोग्रॅम तिथून चालवला. तेव्हा एकच ओळ आली: 'सिंबल लुकअप एरर'. लिबहार्फबझ नावाच्या फाइलला 'एफटी_गेट_ट्रान्सफॉर्म' नावाचं काहीतरी हवं होतं आणि ते सापडत नव्हतं.

ही एक ओळ नीट वाचता आली तर लिनक्सवरची निम्मी अपडेटची दुखणी उलगडतात, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

आपल्याकडे सातबाऱ्यावर 'सामायिक विहीर' अशी नोंद असते. चार भावांची शेतं, विहीर एक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. प्रत्येकाने आपापली खोदायची तर जमीनही जाते आणि पैसाही. संगणकावरच्या प्रोग्रॅमांचंही असंच असतं. फाइल उघडणं, पडद्यावर अक्षर काढणं, इंटरनेटवर गुप्तपणे बोलणं ही कामं प्रत्येकालाच लागतात. ती कामं करणारा कोड एकदाच लिहून वेगळ्या फाइलीत ठेवतात आणि सगळे प्रोग्रॅम तिथून पाणी भरतात. हीच शेअर्ड लायब्ररी. प्रोग्रॅम सुरू होताना 'लोडर' नावाचा एक छोटा कारभारी त्याला कुठल्या लायब्रऱ्या लागतात ती यादी वाचतो, एकेक शोधून आणतो आणि जोडून देतो. साध्या बिलाच्या खिडकीलाही डझनावारी लायब्रऱ्या लागतात.

त्यातल्या हार्फबझचं नाव प्रत्येक मराठी माणसाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. युनिकोडमध्ये आपण 'र' किंवा 'ऱ', हलंत आणि 'य' अशी चिन्हं एकामागे एक साठवतो. त्यांवरून रफार काढायचा की अर्धा र, वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची की नंतर, जोडाक्षराला फाँटमधला कुठला आकार घ्यायचा, हे हार्फबझ ठरवते. 'आचार्यांना' जेवायला बोलावलं आणि 'आचाऱ्यांना' बोलावलं यात केवढा फरक आहे ते आपल्याला कळतं. संगणकाला तो पडद्यावर दाखवता येतो तो या लायब्ररीमुळे. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइड फोन, सगळीकडे तीच राबते. तिने ठरवलेल्या आकारांची प्रत्यक्ष रेघ काढण्याचं काम फ्रीटाइप नावाची दुसरी लायब्ररी करते. या दोघींचं जमलं नाही तर मराठी लिहिणाऱ्याचं काम थांबतं. त्या दुकानाच्या दरपत्रकात 'सुरसुऱ्या' हा शब्द होता, तो अर्धा र याच जोडीच्या भरवशावर उभा होता.

आता त्या एररचा अर्थ लागतो. 'एफटी_गेट_ट्रान्सफॉर्म' ही फ्रीटाइपमधली एक सोय आहे, ती २०२१ साली २.११ आवृत्तीत आली. उबुंटू २४.०४ मधली हार्फबझ ती सोय धरून चालते. पण बिलाच्या प्रोग्रॅमबरोबर त्याच्या कंपनीने स्वतःच्या फोल्डरमध्ये एक जुनी फ्रीटाइप दिली होती आणि सुरू करण्याच्या स्क्रिप्टमध्ये लोडरला बजावलं होतं की आधी आमच्या फोल्डरमध्ये बघ. लोडर सांगकाम्या. त्याने जुनी फ्रीटाइप आणली. एकाच प्रोग्रॅममध्ये त्या नावाची लायब्ररी एकदा आली की नंतर मागणाऱ्या प्रत्येकाला तीच मिळते. नव्या हार्फबझलाही तीच मिळाली आणि तिला हवी ती सोय त्या जुन्या फ्रीटाइपमध्ये नव्हती.

जुनी आणि नवी फ्रीटाइप, दोघींचं आतलं नाव मात्र एकच: 'लिबफ्रीटाइप.एसओ.६'. या शेवटच्या ६ ला फार महत्त्व आहे. याला 'सोनेम' म्हणतात आणि तो लायब्ररी लिहिणाऱ्यांनी दिलेला शब्द असतो. आकडा तोच आहे तोवर आम्ही नवी सोय घालू, पण जुनी काढणार नाही आणि बिघडवणार नाही, असा तो शब्द. म्हणून नवी लायब्ररी जुन्या प्रोग्रॅमला चालते. जुनी लायब्ररी नव्या प्रोग्रॅमला चालेलच असं नाही. विहीर खोल केली तर आधीच्या सगळ्यांना पाणी मिळतं, पण खोल विहिरीसाठी घेतलेली मोटर उथळ विहिरीत कोरडीच फिरते. मी कंपनीच्या फोल्डरमधली ती जुनी फाइल बाजूला काढून ठेवली. लोडरने मुकाट उबुंटूची फ्रीटाइप घेतली आणि पहिली चूक गेली.

लगेच दुसरी आली. 'लिबएसएसएल.एसओ.१.१' सापडत नाही.

ही ओपनएसएसएल. इंटरनेटवरचं बोलणं कुलूपबंद करणारी लायब्ररी. २०.०४ मध्ये तिची १.१.१ आवृत्ती होती. सप्टेंबर २०२१ मध्ये ३.० आली आणि तिच्या लेखकांनी सोनेमच बदलला, कारण या वेळी जुना शब्द पाळणं शक्य नव्हतं. उबुंटूने २२.०४ पासून जुनी काढून टाकली. १.१.१ ची सार्वजनिक देखभाल तिच्या लेखकांनी सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवली. इथे पुष्कळ जण एक युक्ती करतात: नव्या फाइलीला जुन्या नावाची पाटी लावतात. ती चालत नाही, कारण प्रत्येक सोयीवर आतूनही आवृत्तीची चिठ्ठी डकवलेली असते. प्रोग्रॅम १.१ ची चिठ्ठी मागतो, फाइलीत ३.० ची असते, आणि लोडर तिथेच थांबतो. तो थांबतो हे फार चांगलं आहे. नाहीतर बिलं निघाली असती आणि आत काय बिघडलंय ते कुणालाच कळलं नसतं.

या चिठ्ठ्यांची गरज किती खरी आहे हे २०१० च्या अखेरीस फेडोरा या दुसऱ्या लिनक्सची १४ वी आवृत्ती वापरणाऱ्यांनी अनुभवलं. जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम ज्या विहिरीवर येतो ती सी लायब्ररी म्हणजे ग्लिबसी. तिच्यात 'मेमसीपीवाय' नावाचं काम आहे, मजकूर स्मृतीत एका जागेवरून दुसरीकडे नेण्याचं. दोन्ही जागा एकमेकींवर आलेल्या नसाव्यात असा त्याचा लिखित नियम. वेग वाढवण्यासाठी ग्लिबसीने उचलण्याची दिशा बदलली. नियम पाळणाऱ्यांना काही झालं नाही. पण वेबपानांवर व्हिडिओ दाखवणारा फ्लॅश प्लेअर तो नियम मोडत होता आणि इतके दिवस ते खपून गेलं होतं. व्हिडिओंचा आवाज फाटायला लागला. चूक फ्लॅशची की लायब्ररीची यावर मोठा वाद झाला, खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्यात उतरले. त्यांचं म्हणणं साधं होतं: कालपर्यंत चालणारं आज बंद पडलं तर वापरणाऱ्याला नियमाचं पुस्तक दाखवून काय उपयोग? २०११ च्या २.१४ आवृत्तीत ग्लिबसीने तोडगा काढला. मेमसीपीवायला नवी चिठ्ठी दिली. जुनी चिठ्ठी घेऊन येणाऱ्या प्रोग्रॅमला जुनी, सुरक्षित चाल मिळते, नव्याने बांधलेल्याला नवी. या ग्लिबसीच्या कामात पुण्याचा धागाही आहे. पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीत काम केलेले सिद्धेश पोयरेकर यांनी २०१७ मधल्या २.२५ आणि २.२६ या आवृत्त्यांच्या प्रकाशनाची जबाबदारी सांभाळली. ज्या लोहित फाँटांनी लिनक्सवर भारतीय भाषांची सोय केली, तेही रेड हॅटच्या पुणे कार्यालयातून वर्षानुवर्षं सांभाळले गेले.

दुकानात परत येतो. दोन चुका कळल्या, तरी हे सगळं झालं कशामुळे ते बघायचं होतं. म्हणून सॉफ्टवेअर कुठून येतं त्याची यादी उघडली. उबुंटूच्या स्वतःच्या ओळींखाली बाहेरच्या तीन ओळी होत्या. एक बिलाच्या कंपनीची, २०.०४ साठी बनवलेली. उबुंटू आवृत्ती बदलताना बाहेरच्या अशा ओळी आपण होऊन बंद करतं. मुलाने ती पुन्हा चालू केली होती, कारण बिलाचा प्रोग्रॅम तिथूनच येतो एवढं त्याला माहीत होतं. दुसरी ओळ नव्या इंकस्केपसाठी, लेबलांच्या कामाला. तिसरी चक्क डेबियन १३ ची. बिलाचा प्रोग्रॅम चालावा म्हणून त्याने कुठेतरी वाचून ती घातली होती.

ती तिसरी ओळ पाहून माझ्या पोटात गोळा आला.

उबुंटू डेबियनपासूनच निघालं. दोघांची पॅकेजं एकाच साच्याची, नावंही बहुतेक तीच. म्हणून एकाचं दुसऱ्यात घातलं तर काय बिघडतं असं कुणालाही वाटेल. पण एपीटी हा पॅकेज लावणारा व्यवस्थापक निवड कशी करतो ते बघा. यादीतल्या सगळ्या भांडारांना (रिपॉझिटरीजना) तो एरवी ५०० गुण देतो. गुण सारखे असले की ज्याचा आवृत्तीक्रमांक मोठा तो जिंकतो. पॅकेज कुणी बनवलं, कशाबरोबर तपासलं, हे तो विचारत नाही. उबुंटू २४.०४ मध्ये ग्लिबसी २.३९ आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये २.४१. पुढच्या अपडेटला विहिरीचा तळच बदलला गेला असता. आणि एपीटीला वर जाणं सोपं, खाली उतरणं फार अवघड. एकदा २.४१ च्या भरवशावर दहा पॅकेजं आली की मागे फिरायला वाट राहत नाही. डेबियनचे लोक अशा मिसळलेल्या यंत्राला 'फ्रँकनडेबियन' म्हणतात, वेगवेगळ्या शरीरांचे अवयव शिवून उभं केलेलं. तेरखेड्यातलं यंत्र वाचलं ते एका कुलपामुळे. डेबियनची सही तपासायची किल्ली उबुंटूत आधीपासून नसते, म्हणून एपीटीने ती यादी घ्यायलाच नकार दिला होता. मुलगा त्या संध्याकाळी ती किल्ली बसवण्याच्या बेतात होता.

आवृत्तीक्रमांकांची तुलनाही दिसते तितकी सरळ नसते. क्रमांकाच्या आधी '१:' असा आकडा असला तर तो सगळ्यांवर मात करतो, '१:२.०' हे '१०.०' पेक्षा मोठं ठरतं. ऑडिओ-व्हिडिओचं सॉफ्टवेअर पुरवणारी काही बाहेरची भांडारं हाच आकडा वाढवून ठेवतात, त्यामुळे मूळ भांडाराचं पॅकेज कितीही नवं आलं तरी कायम त्यांचंच बसतं. उलट '~' हे चिन्ह क्रमांकाला लहान करतं. डेबियनच्या बॅकपोर्ट्समध्ये (पुढच्या आवृत्तीतली पॅकेजं आताच्या आवृत्तीसाठी बांधून देणाऱ्या भांडारात) ते मुद्दाम वापरतात, म्हणजे पुढच्या पूर्ण आवृत्तीतलं तेच पॅकेज आलं की ते आपोआप वरचढ ठरतं. एका लहानशा चिन्हात केवढा विचार आहे!

मग बाहेरचं काही घ्यायचंच नाही का? तसं म्हणून कुणाचं काम चालणार नाही. घ्यायचं, पण कोणत्या पॅकेजवर कुणाचा शब्द चालेल ते आपण लिहून ठेवायचं. एपीटीमध्ये याला 'पिन' म्हणतात. मी कंपनीच्या भांडारातल्या सगळ्या पॅकेजांना उणे गुण दिले, म्हणजे ती कधीच बसणार नाहीत, आणि फक्त बिलाच्या एका पॅकेजला ५००. इंकस्केपच्या भांडारालाही तसंच. कंपनीची किल्ली फक्त तिच्याच ओळीला बांधली, म्हणजे त्या किल्लीने दुसऱ्या कुठल्या भांडाराचं दार उघडणार नाही. डेबियनची ओळ काढून टाकली. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: बॅकपोर्ट्सना १००, त्यामुळे मागितल्याशिवाय तिथून काही येत नाही, आपण नेमून दिलेल्या मुख्य आवृत्तीला ९९०, आणि १००० किंवा त्याहून वर गेलं तर एपीटी खालची आवृत्तीसुद्धा बसवतं, म्हणून तिथे हात जपून. 'एपीटी-कॅश पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव, एवढी आज्ञा दिली की आत्ता कुठलं बसलंय, पुढे कुठलं बसेल आणि ते कुठल्या भांडारातून, हे सगळं दिसतं. अपडेट देण्याआधी ग्लिबसी, ओपनएसएसएल, हार्फबझ एवढ्या तिघांवर ही आज्ञा चालवायला एक मिनिट लागतं.

आरपीएम पॅकेजं वापरणाऱ्या फेडोराच्या बाजूलाही भांडारं मिसळल्याचा असाच इतिहास आहे. फेडोराच्या सुरुवातीच्या वर्षांत लिव्हना, फ्रेशआरपीएम्स, ड्रिबल, एटीआरपीएम्स अशी बाहेरची भांडारं होती. प्रत्येक जण व्हिडिओच्या लायब्रऱ्या आपल्या पद्धतीने बांधायचा. दोन भांडारं एकत्र लावली की एकाच्या प्रोग्रॅमला दुसऱ्याची लायब्ररी नकोशी व्हायची. शेवटी लिव्हना, फ्रेशआरपीएम्स आणि ड्रिबल एकत्र आले आणि २००८ मध्ये आरपीएम फ्यूजन सुरू झालं. २०११ साली पुण्यातल्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये फेडोराचं संमेलन, फडकॉन, भरलं होतं. जगभरचे पॅकेज बांधणारे तिथे आले होते. भांडार म्हणजे सुट्या मालाचं दुकान वाटतं. पण ते एकत्र बांधलेलं, एकत्र तपासलेलं कुटुंब असतं आणि त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं खपतात. डेबियनमध्ये नवं पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं, काही दिवस तिथे टिकलं आणि त्याने कुणाचं काही मोडलं नाही तर टेस्टिंगमध्ये जातं, आणि तिथून पुढच्या स्टेबलमध्ये. आपण बाहेरून एक पॅकेज उचलतो तेव्हा त्या सगळ्या तपासणीला बगल देत असतो.

२९ मार्च २०२४ ला या तपासणीचं मोल साऱ्या जगाला दिसलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एसएसएचने यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. शोधत गेल्यावर एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या साधनात, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. एसएसएचला ती लायब्ररी मुळात लागतच नव्हती. पण काही डिस्ट्रिब्युशन्समध्ये एसएसएच यंत्रातल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीची लायब्ररी वापरतं आणि सिस्टमडीची लायब्ररी एक्सझेडची. पाट कुठून कुठे जातो ते असं. डेबियन स्टेबलमध्ये त्या आवृत्त्या पोहोचल्याच नव्हत्या; टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये पोहोचल्या होत्या. ज्यांनी स्टेबलमध्ये टेस्टिंगची ओळ घालून ठेवली होती त्यांनी तो धोका आपल्या हाताने घरी आणला होता.

म्हणून अपडेटच नको असं मात्र कुणी ठरवू नये. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड हे भगदाड सापडलं, तेव्हा लायब्ररी सामायिक असल्याचा फायदाच झाला. एक फाइल बदलली की तिच्यावर पाणी भरणारे सगळे प्रोग्रॅम दुरुस्त. एक अट असते, ती पुष्कळांना माहीत नसते. डिस्कवरची फाइल बदलली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम जुनीच प्रत धरून बसतो, कारण लिनक्स चालू प्रोग्रॅमच्या हातातली फाइल हिसकावून घेत नाही, फक्त नवीन येणाऱ्याला नवी देतं. म्हणून सुरक्षा-अपडेटनंतर त्या सेवा पुन्हा सुरू कराव्या लागतात. 'नीडरिस्टार्ट' हे साधन कोण जुनी प्रत धरून बसलंय ते सांगतं.

बाहेरचं सॉफ्टवेअर घेण्याचा दुसरा मार्ग तेरखेड्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. फटाक्यांच्या कारखान्यात एकच मोठी इमारत का बांधत नाहीत? लहान लहान शेड, मध्ये अंतर, एका शेडमध्ये मोजकी माणसं आणि मोजका माल. एकीकडे ठिणगी पडली तर दुसरीकडे जाऊ नये. फ्लॅटपॅक आणि स्नॅप हे सॉफ्टवेअरचे असे वेगळे शेड. प्रोग्रॅम आपल्या लायब्रऱ्यांसकट स्वतंत्र खोलीत राहतो, त्याच्यामुळे घरातल्या लायब्रऱ्या बदलत नाहीत. किंमत दोन गोष्टींची: जागा जास्त लागते, आणि एखाद्या लायब्ररीत भगदाड सापडलं तर प्रत्येक शेडमध्ये जाऊन ते बुजवावं लागतं. इंकस्केपसारख्या मोठ्या, स्वतंत्र प्रोग्रॅमला हा मार्ग मला योग्य वाटतो. दुकानातलं इंकस्केप मी नंतर फ्लॅटपॅकमध्ये हलवलं आणि बाहेरची आणखी एक ओळ कमी झाली.

राहिली ओपनएसएसएल १.१. जुनी फाइल कुठूनतरी आणून कंपनीच्या फोल्डरमध्ये टाकता आली असती आणि बिलाची खिडकी त्याच रात्री उघडली असती. पण बिलाचा प्रोग्रॅम रोज इंटरनेटवर हिशोब पाठवत होता, आणि दोन वर्षं देखभाल नसलेल्या कुलपाच्या भरवशावर गिऱ्हाइकांचा हिशोब पाठवणं मला पटलं नाही. कंपनीला फोन करून २४.०४ साठी नव्याने बांधलेलं पॅकेज मागितलं. ते यायला तीन दिवस लागणार होते. तोवर बिलं हाताने, पावती पुस्तकावर.

दरपत्रक मात्र त्याच रात्री हवं होतं. कंपनीच्या फोल्डरमधली यादी साध्या मजकुराच्या फाइलीत निघाली. लिबरऑफिसमध्ये ती घेतली, भाव भरले, प्रिंट दिली. बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि वीज येऊन-जाऊन होती. पहिलं पान निघालं तसं दुकानदाराने ते दिव्याखाली धरून वरपासून खालपर्यंत वाचलं. भुईचक्र, फुलबाजी, सुतळी बॉम्ब. 'सुरसुऱ्या'वर बोट आलं. अर्धा र जागच्या जागी होता.